शंभरचा प्लॅन, माजघरात बारा: नेट स्लो आहे की वायफाय?

कोकणात वाडीवाडीत फायबर पोचलं आणि तक्रार बदलली. आधी "रेंज नाय" होतं, आता "वायफाय फुल दाखवता, पण कायच उघडणा नाय" असं आहे. नेटवाला येतो, ओटीवर वायफायच्या डब्याशेजारी (राउटरशेजारी) उभा राहून मोबाईलवर स्पीड टेस्ट मारतो, ९५ दाखवतो आणि "लाइन ओके आहे काका" म्हणून बाइकला किक मारतो. काका माजघरात जाऊन तीच टेस्ट मारतात, तर १२. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

नेट तुमच्या हातात येईपर्यंत दोन टप्पे पार करतं. पहिला टप्पा कंपनीकडून खांबावरून तुमच्या भिंतीवरच्या डब्यापर्यंत. प्लॅनवर छापलेला आकडा या टप्प्याचा, आणि बिलही त्याचंच. दुसरा टप्पा डब्यापासून हवेतून मोबाईलपर्यंत. तो तुमच्या घराचा, तुमच्या भिंतींचा, तुमच्या फोनचा. दोहोंत जो आकडा लहान, तोच तुमच्या पदरात पडतो. पोफळीच्या बागेत पाट मधेच फुटला असेल तर पऱ्ह्याला (ओढ्याला) कितीही पाणी असो, शेवटच्या पोफळीला ओल मिळत नाही. आणि पऱ्ह्याच आटला असेल तर पाट लिंपत बसून काही होत नाही. म्हणून आधी कुठे अडलंय ते बघायचं, मग खिशात हात घालायचा.

बहुतेक लोक उलटं करतात. नेट अडखळलं की १०० चा प्लॅन ३०० करून घेतात. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीआड १२ येत होते, ते १२ च राहतात, बिल मात्र वाढतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मोबाईलच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या रेघा फक्त दुसऱ्या टप्प्याबद्दल बोलतात. बाहेर फायबर तुटून पडली असली तरी डब्याशेजारी त्या रेघा भरलेल्याच दिसतील.

आकड्यांचे दोन घोळ

प्लॅनचा वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. फाइल डाउनलोड होताना संगणक बहुधा मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा १ बाइट, त्यामुळे १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने उतरत असेल तर नेट पूर्ण वेगाने चाललंय. "शंभरचे पैसे घेऊन बारा देतात" या भांडणांतली काही या भागाकारातच मिटतात.

दुसरा घोळ राउटरच्या खोक्यावरचा. १२०० लिहिलेला राउटर १२०० देत नाही. तो आकडा बेरजेचा असतो: २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) ३०० आणि ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर ८६७. तुमचा फोन एका वेळी सहसा यातल्या एकाच बँडवर असतो. शिवाय हा वेग डबा आणि फोन एकमेकांशी किती वेगाने बोलायला राजी झाले त्याचा; याला लिंक स्पीड म्हणतात. वायफायमध्ये हवा सगळ्यांची मिळून एकच. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, प्रत्येक तुकडा पोचल्याची पावती परत यायची. या सगळ्यात वेळ जातो आणि हाती साधारण निम्मा, फार तर त्याहून थोडा जास्त वेग येतो. लिंक स्पीड ७२ दाखवत असेल तर स्पीड टेस्टला ४० च्या आसपास येणं हे धडधाकट वायफायचं लक्षण आहे.

घराला खरंच किती लागतं, हेही पाहून घ्या. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ पुरे म्हणतं. व्हिडिओ कॉलला याहूनही कमी चालतं, फक्त ते सलग हवं. माजघरात न अडखळणारे ३० मिळाले तर चार माणसांच्या घराला काही कमी पडत नाही. (आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात, त्याआधी ५१२ केबीपीएसवर भागत होतं. म्हणजे कागदोपत्री काकांचं १२ सुद्धा ऐश्वर्यच.)

पहिली पायरी: तारेने मोजा

वायफाय पूर्ण बाजूला ठेवायचं. लॅपटॉपला लॅन केबल लावा, दुसरं टोक डब्याच्या लॅन पोर्टमध्ये. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर तो गुपचूप त्यावरच चालेल. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही पाच मिनिटं वायफायवरून काढा. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. मग स्पीडटेस्ट किंवा फास्ट डॉट कॉम उघडा आणि लागोपाठ तीनदा मोजा. स्पीडटेस्टमध्ये सर्व्हर निवडता येतो. मुंबई, पुणे, पणजी, कुठलाही एक ठरवा आणि पुढच्या सगळ्या मोजण्या त्याच सर्व्हरवर करा. नाहीतर सकाळी एका गावची आणि रात्री दुसऱ्या गावची तुलना होते.

हेच एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमाराला करा. फायबरमध्ये एका मुख्य धाग्यावरून ३२ किंवा ६४ घरांना फाटे दिलेले असतात आणि पुढे गावाबाहेर जाणारी लाइन सगळ्यांची मिळून असते. सकाळी ९५ आणि रात्री २० येत असेल तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे, तुमच्या घरात नाही.

तारेवर मोजताना फसवणाऱ्या तीन जागा आहेत. पहिली, डब्याचे पोर्ट. पुष्कळ डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) असतो, शेजारी जीई लिहिलेलं, आणि बाकीचे एफई, म्हणजे १०० पर्यंतचेच. २०० चा प्लॅन असून तारेवर बरोबर ९४-९५ वर अडकत असाल तर कंपनीला बोल लावण्याआधी पोर्ट बदलून बघा. दुसरी, केबल. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एखादी तार तुटली किंवा पिनवर गंज चढला की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. खाऱ्या वाऱ्यात समुद्रकाठच्या घरांत त्या पिवळ्या पिनांवर हिरवट थर चढतो, तो डोळ्यांनी दिसतो. कॅट ५ई लिहिलेली नवी केबल पुरते, त्याहून महाग घ्यायची गरज नाही. तिसरी, लॅपटॉपला पोर्ट नसेल तर लागणारा यूएसबी अडॅप्टर. स्वस्तातले पुष्कळ १०० चेच असतात.

लॅपटॉपच नसेल तर? डब्यापासून चार-पाच फुटांवर, मधे काही न ठेवता, ५ गिगाहर्ट्झला जोडलेल्या बऱ्या फोनवर मोजा. तारेइतकं चोख नाही, पण १०० पर्यंतच्या प्लॅनचा निकाल लागतो.

मोजताना पिंगकडेही बघा, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाकडे. रिकाम्या लाइनवर पिंग १५ मिलिसेकंद आणि डाउनलोड चालू असताना ३०० होत असेल, तर वेगाचा आकडा कितीही छान असो, कॉल तुटणार. स्पीडटेस्टच्या ॲपमध्ये डाउनलोड आणि अपलोड चालू असतानाचा पिंग वेगळा दाखवतात, तो बघायचा.

तारेवर प्लॅनइतकं किंवा त्याच्या जवळपास येतंय? मग पहिला टप्पा सुटला. कंपनीला फोन करू नका, प्लॅन वाढवू नका. येत नसेल तर थेट शेवटच्या भागात जा, मधलं वाचून तुमचं काम व्हायचं नाही.

दुसरी पायरी: फोन घेऊन घरभर फिरा

एक कागद घ्या. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, माडी, मागची पडवी, जिथे जिथे नेट वापरता तिथली नावं लिहा. प्रत्येक ठिकाणी दार नेहमी असतं तसंच ठेवून उभे राहा, अर्धा मिनिट थांबा आणि तीन आकडे लिहा: स्पीड टेस्टचं डाउनलोड, लिंक स्पीड, आणि सिग्नलचा जोर, जो डीबीएम या एककात मोजतात. लिंक स्पीड अँड्रॉइडवर वायफायच्या नावावर टिचकी मारली की तपशिलात बहुधा सापडतो. विंडोजमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये असतो. डीबीएमसाठी वायफाय ॲनालायझर जातीचं कुठलंही मोफत ॲप चालेल.

डीबीएम उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर. उणे ७० च्या खाली फोन जोडलेला राहतो पण रडतो, आणि उणे ८० ला रेघ दिसते, काम होत नाही.

आता तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवा. सिग्नल कमी, लिंक स्पीड कमी, डाउनलोड कमी: भिंतीचा प्रश्न. सिग्नल चांगला, लिंक स्पीडही चांगला, तरी डाउनलोड कमी: हवेत गर्दी आहे, किंवा घरातलंच कुणीतरी नेट खातंय. सिग्नल चांगला पण डब्याला चिकटूनसुद्धा लिंक स्पीड ७२ च्या वर जात नाही: फोन २.४ वर आहे, किंवा डब्यात ५ गिगाहर्ट्झ मुळात नाहीच. गावाकडे मोफत म्हणून बसवलेल्या डब्यांत हे शेवटचं पुष्कळदा निघतं. त्या डब्यावर ३०० चा प्लॅन घेऊन वायफायवर काहीच फरक दिसणार नाही.

संगणकाची थोडी आवड असेल त्यांच्यासाठी आणखी चोख मार्ग आहे. आयपर्फ नावाचं मोफत साधन तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर चालू ठेवायचं आणि फोनवरून त्याच्याशी बोलायचं. यात इंटरनेट येतच नाही, निव्वळ घरातल्या हवेचा वेग कळतो. फायबर तुटलेली असतानाही हे मोजता येतं.

चिरा, कौल, पत्रा

वायफायवरचे बहुतेक लेख शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेले असतात. तिथे भिंत चार-सहा इंचांची आणि शेजाऱ्यांचे पंचवीस राउटर. आपल्याकडे बरोबर उलट. जांभ्याची भिंत नऊ इंचांपासून जुन्या घरांत दीड फुटापर्यंत, आणि शेजारचं घर दोन कलमांच्या पलीकडे.

जांभा दगड सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. गिलावा नसलेल्या पडवीच्या भिंतीआड मे महिन्यात चालणारं वायफाय जुलैत मरगळतं, ते यामुळे. ५ गिगाहर्ट्झला हा त्रास जास्त, २.४ ला कमी. म्हणून "२.४ बंदच करा" हा शहरी सल्ला वाडीत जसाच्या तसा घेऊ नका. तुमच्याकडे २.४ ची हवा मोकळी आहे आणि चिऱ्यातून तीच जास्त आत शिरते. डब्याच्या खोलीत ५, दोन भिंतींपलीकडे २.४, असं वाटून घ्यायचं. दोन्ही बँडना वेगळी नावं दिली तर कोण कुठे आहे हे कळतं. टीव्ही ५ वर कायमचा बांधता येतो. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळमध्ये इमारतीत राहत असाल तर मात्र शहरी सल्ला लागू: तिथे २.४ वर गर्दी असते.

लाकडी तक्तपोशी या लहरींना फारशी अडवत नाही, कौलंही नाहीत. सळईचा स्लॅब अडवतो. पत्रा तर परतवूनच लावतो. पत्र्याच्या शेडखालच्या खोलीत मोठ्या घरातून वायफाय मिळायची आशा सोडूनच द्या. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी, ही मंडळी डबा आणि फोन यांच्या मधे आली की तीच कथा.

तिसरी पायरी: फुकटातले उपाय

सगळ्यात मोठा उपाय डब्याची जागा, आणि तिथेच सगळ्यात जास्त हयगय होते. नेटवाला खांबावरून केबल आणतो, घराच्या ज्या कोपऱ्यात ती पहिल्यांदा टेकते तिथे भोक पाडतो आणि डबा लावून मोकळा होतो. म्हणजे बहुतेक ओटीचा टोकाचा कोपरा. निम्मं वायफाय अंगणातल्या तुळशीला.

फायबर घरात आणखी वीस मीटर आत नेल्याने प्रकाशाचं नुकसान मोजण्याइतकंही होत नाही. एका किलोमीटरला जेमतेम एक तृतीयांश डेसिबल जातं, मग वीस मीटरचं ते काय. याउलट एक ओली चिऱ्याची भिंत वायफायचा निम्म्याहून जास्त जोर सहज खाते. तेव्हा भिंत फायबरने ओलांडायची, वायफायने नाही. जोडणीच्या दिवशी नेटवाल्याला सांगा की डबा माजघरात हवा. त्या दिवशी त्याच्या हातात केबलचं भेंडोळं आणि ड्रिल दोन्ही असतं; नंतर त्याच कामाला तो चार चकरा मारायला लावेल. आत आणताना केबलला काटकोनात मुरडू देऊ नका आणि खिळ्यांनी चेपू देऊ नका. मुरड पडली की प्रकाश बाहेर सांडतो.

पुष्कळ जुन्या घरांत पुढचं दार, माजघराचं दार आणि मागचं दार एका ओळीत असतं. डबा त्या ओळीत, छातीच्या वर, उघड्यावर ठेवला तर लहरींना दारांतून वाट मिळते. माडी लाकडी असेल तर तिच्या मधोमध ठेवलेला डबाही छान काम देतो, फक्त कौलांच्या किंवा पत्र्याच्या अगदी खाली नको. मे महिन्यात तिथे डबा भाजून निघतो आणि आपोआप बंद-चालू होऊ लागतो. देवघरातल्या कोनाड्यात, टीव्हीच्या मागे किंवा पितळी भांड्यांच्या फळीवर डबा ठेवू नका. "दिसायला बरं दिसत नाही" ही अडचण खरी आहे, पण मग वायफायची तक्रार करायची नाही.

मग डब्याच्या सेटिंगच्या पानात शिरा. ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ टाकलं की उघडतं. नेमका पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या खाली चिकटवलेला असतो. २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी ॲनालायझरमध्ये सर्वांत रिकामं दिसेल ते निवडा. हे तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत. चॅनलची रुंदी इमारतीत २० मेगाहर्ट्झ ठेवा. वाडीत शेजारचं एकही वायफाय दिसत नसेल तर ४० करून बघायला हरकत नाही. ५ गिगाहर्ट्झवर रुंदी ८०, चॅनल ३६ किंवा १४९. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हवं. टीकेआयपी ही जुनी सुरक्षा पद्धत निवडलेली असेल तर वेग ५४ च्या वर चढतच नाही, आणि ही सेटिंग वर्षानुवर्षं तशीच पडून राहिलेली सापडते.

एक एक बदल करा आणि प्रत्येकानंतर कागदावरच्या त्याच जागी पुन्हा मोजा. पाच बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

चौथी पायरी: तार ओढा, मग दुसरा डबा

जागा बदलूनही मागचं घर कोरडंच राहिलं तर दुसरा डबा लागतो. दुकानात गेलात तर पहिल्यांदा रिपीटर पुढे करतील, कारण तो स्वस्त आणि नुसता प्लगमध्ये खोचायचा. रिपीटर तीच हवा दोनदा वापरतो: डब्याकडून ऐकायचं, मग तेच फोनला सांगायचं. साध्या रिपीटरवर वेग त्यामुळे निम्म्यावर येतो. घ्यायचाच असेल तर जिथे नेट येत नाही तिथे न लावता अर्ध्या वाटेवर, उणे ६५ च्या आसपास सिग्नल असेल तिथे लावा. जिथे ऐकूच येत नाही तिथे उभं राहून तो सांगणार तरी काय? मेशचे जोडडबे (एकमेकांशी बोलून एकच वायफाय घरभर पसरवणारे) रिपीटरपेक्षा हुशार, पण चिऱ्याची भिंत त्यांनाही चिऱ्याचीच. दोन डब्यांमध्ये तार असेल तरच मेशचे पैसे वसूल होतात.

माझं मत विचाराल तर एकदा तार ओढा आणि कटकट संपवा. कॅट ५ई १०० मीटरपर्यंत पूर्ण गिगाबिट नेते, एवढं लांब घर कुणाचं नसतं. तारेच्या दुसऱ्या टोकाला नवा महाग डबा लागतोच असं नाही. घरात पडलेला, ५ गिगाहर्ट्झ असलेला जुना राउटर चालतो. तो असा बसवायचा:

जुना राउटर रीसेट करून लॅपटॉपला तारेने जोडा. त्याच्या पानात जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मुख्य डब्याशी टक्कर होणार नाही. मुख्य डब्याचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर इथे १९२.१६८.०.२. डीएचसीपी बंद करा. फोनना पत्ते वाटायचं काम एकाच डब्याने करायचं, दोघे वाटायला लागले की अर्धे फोन भरकटतात. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य डब्यासारखाच ठेवा, चॅनल मात्र वेगळं: तिकडे १ असेल तर इकडे ११. शेवटी माजघरातून आलेली तार त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वॅन लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये नाही. काही राउटरांत ॲक्सेस पॉइंट मोड नावाचं बटण असतं. ते दाबलं की यातलं पत्त्याचं आणि डीएचसीपीचं काम आपोआप होतं आणि वॅन पोर्टही चालतो.

तार घराबाहेरून न्यायची असेल तर मात्र थांबा. मुख्य घरापासून बागेतल्या पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत, किंवा गोठ्यावरच्या कॅमेऱ्यापर्यंत उघड्यावरून तांब्याची तार ओढू नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा कशा कडकडतात ते सांगायला नको. वीज थेट पडायची गरजही नसते. जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या तारेत झटका उत्पन्न होतो आणि दोन्ही टोकांचे डबे जातात. दोन इमारतींमध्ये फायबर टाका, तीही आत पोलादी तार नसलेली, आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबलची गाठ घालणारी डबी) लावा. काच वीज वाहून नेत नाही. केबल जमिनीखालून पाइपातून नेलीत तर वानरांपासूनही सुटका. झाडावरून झाडावर टांगलेली केबल त्यांना झोक्यासाठीच बांधली आहे असं वाटतं.

गणपतीत काय होतं

वर्षभर चार फोन असतात, चतुर्थीला वीस होतात. तार तपासली तर ९५, वायफाय तपासलं तर कालच्याइतकंच, तरी कुणालाच नेट नाही. इथे दोन गोष्टी घडतात.

पहिली अपलोडची. चाकरमान्यांच्या फोनमध्ये "वायफाय मिळालं की फोटो क्लाउडवर चढव" हे चालूच असतं. गाडीतल्या प्रवासाचे आणि आरतीचे व्हिडिओ एकदम चढायला लागतात. अपलोड भरला की डाउनलोडही अडतं, कारण पानं मागवायचे निरोपसुद्धा त्याच वाटेने जातात. त्या चार-पाच दिवसांपुरता फोटो बॅकअप थांबवायला सांगा, किंवा राउटरमध्ये पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क काढून त्याला वेगाची मर्यादा घाला. पासवर्डही मग वेगळा राहतो, सण झाला की बंद.

दुसरी गोष्ट हवेतल्या वेळेची. अंगणाच्या टोकाला मांडवात बसलेल्या एकाचा सिग्नल उणे ८०. त्याचा फोन हळू बोलतो, म्हणून तोच व्हिडिओ बघायला तो हवा कितीतरी जास्त वेळ अडवतो, आणि डब्याशेजारी बसलेल्याला ताटकळावं लागतं. प्लॅन ५०० चा केला तरी हे सुटत नाही. त्या मांडवाकडे तोंड करून तारेने जोडलेला दुसरा डबा लावला तर सुटतं.

घरगुती राहण्या-जेवण्याची सोय चालवणाऱ्यांना ही स्थिती मे महिन्यात आणि डिसेंबरमध्ये रोजचीच. त्यांनी प्रत्येक दोन-तीन खोल्यांमागे तारेचा एक डबा धरूनच बांधकाम करावं. पाइप भिंतीत गेल्यावर गिलावा फोडणं महाग पडतं.

मोबाइल टॉवरवरून येणारं घरगुती नेट

फायबर न पोचलेल्या वाड्यांत ४जी किंवा ५जीच्या डब्यावर घर चालतं. इथे पहिला टप्पाही हवेतूनच येतो, त्यामुळे दोन्ही टप्प्यांची जागा वेगळी निवडावी लागते. टॉवरकडे तोंड असलेली उंच खिडकी पहिल्या टप्प्याला चांगली, घराचा मध्य दुसऱ्याला. दोन्ही एका डब्यात साधायला जाल तर कुठलंच धड होत नाही. डबा माडीच्या खिडकीत ठेवा आणि तिथून तारेने माजघरात दुसरा राउटर. खिडकीसमोर माड किंवा आंबा असेल तर पावसात भिजलेली पानं सिग्नल खातात. दुसरी खिडकी बघा. मोजणी करताना पहाटेची वेळही धरा, टॉवरची गर्दी तेव्हा सर्वांत कमी असते.

लाइनच खराब निघाली तर

तारेवरच कमी येतंय, म्हणजे आता कंपनीशी गाठ. आधी प्लॅनची डेटाची मर्यादा संपली नाही ना ते बघा. ती संपली की वेग ठरवून खाली आणतात. मग डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा: तो पेटलेला किंवा लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही, केबल कुठेतरी तुटली आहे. दिवा बंद असूनही नेट अडखळत असेल तर डब्याच्या पानात ऑप्टिकल किंवा पॉन या भागात आरएक्स पॉवरचा, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या जोराचा, आकडा शोधा. उणे १५ ते उणे २४ असेल तर निर्धास्त. उणे २७ च्या आसपास असेल तर डबा काठावर उभा आहे. जोराचा वारा आला, फांदी केबलवर टेकली की जातो. खांबावरच्या डबीत पाणी शिरणं, सांधा नीट न जुळणं, केबलला मुरड, यांपैकी काहीतरी असतं आणि ते नेटवाल्यानेच नीट करायचं. त्याला नुसतं "नेट स्लो आहे" न म्हणता "पॉवर उणे २७ दाखवतोय" म्हणा. तो पॉवर मीटर घेऊन येतो.

लाइट गेल्यावर नेट जात असेल तर फायबरचा डबा आणि राउटर वेगळा असेल तर तोही इन्व्हर्टरवर आहे ना बघा. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तोही पुरतो. अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवूनच घ्या. तरीही नेट गेलं तर वरच्या नाक्यावरच्या कंपनीच्या पेटीची बॅटरी संपली आहे, त्याला तुमच्याकडे उपाय नाही.

तक्रार तोंडी ठेवू नका. कस्टमर केअरला नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. मुदतीत काम झालं नाही किंवा समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत दाद मागता येते, आणि तिथे तो क्रमांक लागतोच. सोबत स्क्रीनशॉट जोडा, पण फक्त तारेवरच्या मोजणीचे: सकाळचा आणि रात्रीचा, तारीख-वेळ दिसेल असे, आणि आरएक्स पॉवरचा एक. वायफायवरचा एकही स्क्रीनशॉट त्यात घालू नका. तो दिसला की "तुमच्या घरातला प्रश्न आहे" असं उत्तर येतं, तक्रार बंद होते आणि पुन्हा पहिल्यापासून नंबर लावावा लागतो.